पडद्यावरची पहिली ओळ

फोंड्याच्या बाजारातला मामाचा छापखाना मिटून बरीच वर्षे झाली. ट्रेडल मशीन भंगारात गेले, खिळ्यांच्या (छपाईच्या सुट्या अक्षरांच्या) कप्पे असलेल्या लाकडी केसी कुणीतरी भिंतीवर लावायला नेल्या, आणि मागे उरला एक संगणक. लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रके, जत्रेतल्या नाटकांची हँडबिले, सगळे त्याच्यावर जुळवलेले. पॉवरपीसी प्रोसेसरचे यंत्र, त्या काळी डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याचे काम, करणाऱ्यांकडे असायचे तसे. माशेलच्या घरी, माडीवर, जुन्या चादरीखाली ते झाकून ठेवलेले असे. मामा आठवड्यातून एकदा चादर काढायचा, यंत्र सुरू करायचा, एखादे जुने हँडबिल उघडून बघायचा आणि पुन्हा झाकून ठेवायचा.

मिरग लागला त्या आठवड्यात माशेलला विजांनी थैमान घातले. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. आयुष्यभर मराठी जुळवली तरी मामा बोलतो कोंकणीच. म्हणाला, "कांयच दिसना मरे."

म्हापशाचे माझे दुरुस्तीचे दुकान दुपारी बंद करून मी गेलो. बटण दाबल्यावर सुरुवातीचा सूर वाजला, पंखा फिरला, डिस्क कुरकुरली. पडदा मात्र काळा. मॉनिटर दुसरीकडे जोडून पाहिला, तो ठणठणीत. यंत्र उघडले तर पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला जळका वास येत होता. त्याच खाचेत (तिला एजीपी म्हणतात) बसणारे, साध्या पीसीतून काढलेले एक कार्ड मी सोबत आणले होते. ते बसवले. तोच सूर, तोच पंखा, तोच काळोख. घरी येऊन तेच कार्ड जुन्या पीसीत घातले, तर बटण दाबल्याच्या दुसऱ्या क्षणाला पांढरी अक्षरे हजर.

मामाने विचारले, "कार्ड चांगले, यंत्र चांगले, मग दोघांचे जमत का नाही?"

हा प्रश्न मला पुढची कित्येक वर्षे पुरला आहे.

संगणक सुरू झाल्यावर विंडोज किंवा लिनक्स येण्याआधी काळ्या पडद्यावर ज्या ओळी दिसतात, त्यांच्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. आम्हा दुरुस्तीवाल्यांचे सगळे त्यांच्यावर चालते. मेमरी सापडली की नाही, डिस्क दिसते की नाही, कुठे अडले, हे सांगणारे तेवढेच असते. त्या ओळी नसतील तर उरतात बीप. एक लांब, दोन आखूड, असे मोजत बसायचे. वैद्याला नाडी लागावी आणि रोग्याची वाचा गेलेली असावी, तशी ती अवस्था.

त्या ओळींची रचना मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी काढला तेव्हापासून एका ओळीत ८० अक्षरे आणि अशा २५ ओळी असा तक्ता ठरून गेला. १९८७ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याच पीएस/२ यंत्रांबरोबर व्हीजीए हे पडद्याचे मानक आले आणि तो तक्ता जणू दगडात कोरला गेला. (त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाले. मी तेव्हा चौथीत होतो. मामाच्या छापखान्यात त्या महिन्यात अभिनंदनाची पत्रके रात्ररात्र छापली जात होती. ती खिळ्यांवर जुळवलेली होती.) तक्त्यात २००० घरे. प्रत्येक घराला दोन बाइट. पहिल्या बाइटमध्ये अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात रंग. सगळे मिळून ४००० बाइट, आणि त्यांची जागाही ठरलेली: षोडशमान पद्धतीत बी८०००. प्रोसेसरने तिथे ६५ आणि ७ हे आकडे ठेवले की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात करड्या रंगात इंग्रजी 'ए' उमटते. 'ए' कसा दिसतो हे प्रोसेसरला माहीत नसते. ते कार्डाला माहीत असते. कार्डापाशी २५६ आकारांचा साठा असतो, त्यातला पासष्टावा काढून ते तो ठिपक्या-ठिपक्यांनी पडद्यावर पाठवते, सेकंदाला ७० वेळा.

मामाला हे सांगितले तेव्हा त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे केस कार्डाच्या आतच आहे. वरून फक्त कुठला खिळा ते सांगायचे."

इतक्या नेमक्या शब्दांत मला कुठल्याच पुस्तकाने हे सांगितलेले नाही.

पण केस उघडण्याआधी दुकानाचे दार उघडावे लागते. वीज आल्याबरोबर ग्राफिक्स कार्ड निपचित असते. त्याचे घड्याळ लावायचे, त्याच्या मेमरीचा ताल ठरवायचा, शेकडो रजिस्टरांत, म्हणजे चिपमधल्या कप्प्यांत, योग्य आकडे भरायचे, मग ते जागे होते. हे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे आणि बहुतेक ठिकाणी गुपित. म्हणून जागे करण्याचा प्रोग्राम कार्डावरच एका रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) घालून देतात. पीसी जागा करणारा बायॉस हा प्रोग्राम सुरू होताना मेमरीत ठरावीक जागी ५५ एए ही खूण शोधतो, खूण सापडली की त्या प्रोग्रामच्या हाती सूत्रे देतो, आणि कार्ड डोळे उघडते. तो प्रोग्राम लिहिलेला असतो इंटेलच्या ८०८६ घराण्याच्या यंत्रभाषेत. मामाच्या पॉवरपीसीला ती भाषा येत नव्हती. सगळा घोळ एवढाच.

मामाला हे समजवायला मला दूर जावे लागले नाही. आमच्या आजोबांच्या जमिनीचे कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. शिक्का आहे, सही आहे, चतुःसीमा लिहिलेल्या आहेत. घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत. वाटणीच्या वेळी तेच कागद पुढ्यात घेऊन आम्ही सगळे बसलो होतो, आणि पोर्तुगीज जाणणारे एक म्हातारे मास्तर येईपर्यंत बागायतीची हद्द कुठून कुठे आहे ते कुणाला सांगता येईना. माहिती हातात होती आणि नव्हतीही. कार्डाच्या रॉमचे पॉवरपीसीपुढे असेच झाले होते.

मला खुपते ते पुढचे. कार्डे यंत्राला जोडण्याच्या पीसीआय ह्या मानकात ह्याची सोय आधीपासून आहे. एकाच रॉममध्ये वेगवेगळ्या भाषांतले प्रोग्राम एकापाठोपाठ ठेवता येतात, प्रत्येकावर क्रमांक असतो: ० म्हणजे पीसीचा, १ म्हणजे ओपन फर्मवेअरचा, २ म्हणजे एचपीच्या पीए-रिस्क प्रोसेसरचा, ३ म्हणजे बायॉसच्या जागी पुढे आलेल्या ईएफआयचा. मानक लिहिणाऱ्यांनी पंगतीत सगळ्यांची पाने मांडून ठेवली होती. कार्ड बनवणाऱ्यांनी बहुतेक वेळा एकच पान वाढले, कारण मोठी रॉम चिप म्हणजे वाढीव खर्च. मामाच्या जातीच्या यंत्रांसाठी वेगळी कार्डे निघायची. त्यांवर १२८ किलोबाइटची रॉम असे, तर पीसीच्या तशाच कार्डावर अनेकदा ६४ ची. हौशी लोक जुनी चिप डाख काढून उपटायचे आणि मोठी बसवून त्यात दुसरा प्रोग्राम भरायचे. कार्ड तेच, ग्राफिक्सची चिप तीच, फक्त सुरुवातीचे चार शब्द बदलायचे.

आणि त्या दुसऱ्या प्रोग्रामची भाषा! सन कंपनीत मिच ब्रॅडली ह्यांनी ओपनबूट हे फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला, ते सुरू करणारा प्रोग्राम) घडवले, त्यातून ओपन फर्मवेअर आले, आणि १९९४ मध्ये आयईईई १२७५ म्हणून त्याचे मानक झाले. त्यात कार्डावरचा प्रोग्राम कुठल्याही प्रोसेसरच्या भाषेत नसतो. तो असतो एफकोडमध्ये, म्हणजे फोर्थ ह्या छोट्याशा भाषेच्या सांकेतिक रूपात. ज्या यंत्रात कार्ड बसेल तिथले फर्मवेअर तो वाचते आणि आपल्या प्रोसेसरवर चालवते. सनचे स्पार्क असो, अॅपलचे किंवा आयबीएमचे पॉवरपीसी असो. मला संगणकाच्या ह्या कोपऱ्यातली ही सर्वांत सज्जन कल्पना वाटते. पाहुणा कुठल्या गावचा येईल ते ठाऊक नाही, तर सगळ्यांना कळेल अशा भाषेत पाटी लिहून ठेवावी, इतकी साधी.

ती सगळीकडे पसरली नाही. पीसी इतके झाले की बाकीच्यांनाच दुभाषी बाळगावे लागले. डेक कंपनीच्या अल्फा यंत्रांच्या फर्मवेअरमध्ये ८०८६ ची नक्कल करणारा प्रोग्राम असायचा, कशासाठी तर साध्या व्हीजीए कार्डाचा रॉम चालवता यावा म्हणून. ६४ बिटांचा प्रोसेसर आणि पडद्यावर पहिले अक्षर काढण्यासाठी त्याला १९७८ सालच्या प्रोसेसरचे सोंग घ्यावे लागे. आज एआरएम आणि रिस्क-फाइव्ह प्रोसेसरांचे बोर्ड सुरू करणाऱ्या यू-बूट ह्या प्रोग्रामच्या कोडातही असा दुभाषी ठेवलेला आहे.

तेच कार्ड घेऊन मी पुन्हा माशेलला गेलो, त्या रात्री माझ्याकडे दुभाषी नव्हता. मी लिनक्सची सीडी घातली, यंत्र सुरू करून 'सी' ची कळ दाबून धरली, आणि काळ्या पडद्यासमोर कानांनी काम करू लागलो. सीडीचा आवाज चढला, म्हणजे ती वाचली जाते आहे. आवाज थांबला, म्हणजे बूट करणारा प्रोग्राम माझ्या उत्तराची वाट पाहतो आहे. एंटर मारला. पुन्हा आवाज. बाहेर पाऊस कौलांवर इतका कोसळत होता की मामाने कान यंत्राला लावला आणि मला खुणेने सांगू लागला, फिरतेय, फिरतेय. मग लिनक्सचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, चढला. त्याला कार्डाच्या रॉमची पत्रास नव्हती. रजिस्टरांत काय भरायचे ते त्याला स्वतःलाच ठाऊक होते. पडदा एकदा लुकलुकला आणि वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरून गेला.

मामाने त्या ओळी वाचल्या नाहीत, फक्त पाहिल्या. मी वाचल्या. डिस्कच्या एका भागावर वाचनाची चूक, पुन्हा चूक, पुन्हा तीच. जळलेले कार्ड हे दुखणे वरवरचे होते, खरे दुखणे म्हणजे डिस्क जात होती. दोन दिवस आणि दोन रात्री लावून वाचता येईल तेवढे दुसऱ्या डिस्कवर काढून घेतले. बारा वर्षांची हँडबिले त्यातून वाचली. त्या ओळी दिसल्या नसत्या तर मी आणखी चार कार्डे घालून पाहिली असती, आणि तोवर डिस्क संपली असती.

ह्याच काळात ओपन ग्राफिक्स प्रकल्पाची माहिती मी भुकेल्यासारखी वाचत असे. २००४ च्या सुमारास टिमोथी मिलर ह्या अमेरिकन अभियंत्याने तो सुरू केला. ग्राफिक्स कार्ड असे करायचे की त्याचे एकूण एक रजिस्टर कागदावर उघड लिहिलेले असेल, कुणीही कुठल्याही यंत्रासाठी ड्रायव्हर लिहू शकेल. ओजीडी१ नावाचा त्यांचा विकासाचा बोर्ड तयार झाला. त्यावर झायलिंक्सची स्पार्टन-३ ही एफपीजीए चिप होती. एफपीजीए म्हणजे कोऱ्या तारांची चिप, तिच्यात आपण हवे ते सर्किट भरायचे.

बाहेरच्या माणसाला वाटेल की त्यांची डोकेफोड त्रिमितीय खेळांसाठी चालली असेल. पण एक मोठा विषय होता तो हाच, सुरुवातीची अक्षरे. पीसीत बसायचे तर व्हीजीएचा तक्ता दाखवावाच लागतो, नाहीतर बायॉस बोलणार कुठे? आणि व्हीजीए म्हणजे जुन्या घराची अडगळ. १९८१ पासून साठलेली रजिस्टरे, प्रत्येकाची वेगळी खोड. ती सगळी सर्किटात भरायची तर चिपमधली मौल्यवान जागा खर्ची पडते, तीसुद्धा यंत्र सुरू होतानाच्या काही सेकंदांसाठी. त्यांनी काढलेला मार्ग मला अजून सुंदर वाटतो. चिपमध्ये एक चिमुकला नियंत्रक ठेवायचा. तो ४००० बाइटांचा तक्ता पुन्हा पुन्हा वाचेल, प्रत्येक अक्षराचा आकार शोधेल आणि त्याचे ठिपके साध्या चित्राच्या मेमरीत रंगवून ठेवेल. पडद्याकडे जाणाऱ्या सर्किटाला फक्त ठिपके कळतात, अक्षरे कळतच नाहीत. बायॉसला मात्र समोर व्हीजीए आहे असेच वाटते. आणि जिथे बायॉस नाही, पॉवरपीसी आहे, स्पार्क आहे, तिथल्या फर्मवेअरला तक्त्याचीही गरज नाही. रजिस्टरे उघड आहेत, सरळ ठिपके रंगवा.

ते कार्ड बाजारात दुकानोदुकानी आले नाही. थोडे विकासाचे बोर्ड बनले आणि काम थंडावले. पण बंद कार्डांच्या बाबतीत वर्षानुवर्षे फक्त तक्रारी ऐकल्यावर, कुणीतरी पहिल्या अक्षरापासून जबाबदारी घेतली होती, हे मला फार मोलाचे वाटते. आता अनेक यंत्रांत ईएफआय ठिपक्यांचा पडदा तयार करून लिनक्सच्या हाती देते, एआरएमच्या बोर्डांवर डिव्हाइस ट्रीमधून (यंत्रात काय काय आहे त्याच्या यादीतून) तीच माहिती मिळते. ती डिव्हाइस ट्रीसुद्धा ओपन फर्मवेअरचीच देणगी. दिशा तीच आहे.

गेल्या पावसाळ्यात मी स्वतः हात घातला. लॅटिस कंपनीची एक छोटी एफपीजीए घेतली, आइस४० घराण्यातली. तिच्यात ४ किलोबिटांचे मेमरीचे ३० तुकडे असतात. तक्त्याला ८ पुरतात, अक्षरांच्या साठ्याला ८. उरलेल्या जागेत एक लहानसा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर मावला. मोकळ्या साधनांनीच सगळे केले, योसिस आणि नेक्स्टपीएनआर. मॉनिटरकडे जायला व्हीजीएचा सॉकेट आणि काही रेझिस्टर. ७२० बाय ४०० ठिपके, २८.३२२ मेगाहर्ट्झच्या जवळपासचे घड्याळ. बाइटांचा क्रम उलटला तर काय होते तेही पाहून घेतले. अक्षर आणि रंग जागा बदलतात, 'ए' च्या ठिकाणी लाल चौकटीत एक निळा ठिपका उमटतो. पॉवरपीसी आणि पीसी जिथे एकत्र येतात तिथे ही गाठ कायमच पडते.

इंग्रजी ओळ आली त्या दिवशी मी बोर्ड घेऊन माशेलला गेलो. सकाळची वेळ, पाववाला पोदेर पोंव पोंव करत नुकताच गेला होता. मामाने चष्मा लावून पडदा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "वर श्री कुठे आहे?"

छापखान्यातून निघालेल्या प्रत्येक पत्रिकेच्या माथ्यावर तो सर्वांत आधी ॥ श्री ॥ जुळवायचा. मग बाकीचा मजकूर.

देवनागरी ह्या तक्त्यात सहज बसत नाही. एक घर म्हणजे एक आकार, डावीकडून उजवीकडे. आपली वेलांटी मागे जाते, उकार खाली उतरतो, जोडाक्षरे एकमेकांत शिरतात. २५६ घरांत सगळे मावतही नाही. लिनक्सच्या कन्सोलला ५१२ घरे करता येतात, पण त्यासाठी रंगाचा एक बिट द्यावा लागतो. ह्या अडचणीवर आपल्याकडे फार मोठे काम झाले आहे. आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने घरोघर नेलेले जिस्ट तंत्र म्हणजे पीसीच्या खाचेत बसणारे एक कार्डच होते. डॉसवरच्या साध्या प्रोग्रामांतही ते भारतीय लिप्या उमटवायचे. मामाने ते पणजीला एका कचेरीत पाहिले होते. "त्यात ऱ्हस्व इकार बरोबर आधी यायचा," एवढे त्याला पक्के आठवत होते. खिळे जुळवणाऱ्याला दुसरे काय आठवणार.

आम्ही आलेखाचा कागद घेतला. एक घर आठ रुंद, सोळा उंच. श्री एका घरात मावेना, म्हणून दोन घेतली. मामाने पेन्सिलीने एकेक चौकोन भरला. हात कापतो आता त्याचा, पण चौकोनाबाहेर शिसे गेले नाही. श च्या गाठीसाठी त्याने तीनदा खोडले. मी ते चौकोन आकड्यांत उतरवले, साठ्यातल्या दोन रिकाम्या जागी भरले आणि बोर्ड पुन्हा सुरू केला.

पडद्याच्या माथ्यावर श्री आली. मामा पुढे वाकला.

"शिरोरेषा तुटलीय."

खरेच, दोन घरांच्या मध्ये एका ठिपक्याची फट होती. आकार आठ ठिपक्यांचा असला तरी व्हीजीएचे घर नऊ ठिपके रुंद असते, नववा स्तंभ कोरा, अक्षरे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. इंग्रजीला ते शोभते. ह्या नियमाला एकच अपवाद आहे आणि माझ्या सर्किटातही मी तो तसाच ठेवला होता: षोडशमानातल्या सी० पासून डीएफपर्यंतच्या ३२ जागा. तिथे चौकटींच्या रेघा असतात, त्या अखंड दिसाव्यात म्हणून आठवा स्तंभ नवव्यात पुन्हा काढला जातो.

मी श्रीची दोन्ही घरे तिथल्या जागांवर हलवली. मामा तोवर बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, जाऊन उभा राहिला होता. मी हाक मारली. त्याने आत येऊन पडद्यावर बोट ठेवले आणि ते डावीकडून उजवीकडे शिरोरेषेवरून हळूहळू नेले, छापलेल्या कागदावरची शाई तपासताना न्यायचा तसे.